दाताळ्याच्या रेघा

गुरुवारी रात्री सव्वानऊला
वाइके शेगडीत बर्चचं एक लाकूड जास्त सारते,
धुरी दिलेल्या माशाची बशी मांडीवर घेते
आणि स्वीडिश मालिका लावते.
आठ भाग. आजचा सहावा.

फारच संथ आहे बाई, शेजारची मिल्वी म्हणाली,
दोन भाग ती पोलीसबाई नुसती तळ्याकाठी उभी,
तिसऱ्यात कुठं कोट काढते.
मिल्वीनं नाद सोडला.

वाइकेची संथपणाबद्दल तक्रार नाही.
तिच्या घरातलं प्रकरण
चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात सुरू झालं,
त्याचा अजून पहिलाच भाग चालू आहे.

पडद्याच्या तळाशी एस्टोनियन अक्षरं येतात, जातात.
ती ती वाचत नाही.
पोलीसबाईकडे बघत नाही,
हरवलेल्या पोरीच्या फोटोकडेही नाही.
ती मागची माणसं बघते.
बसच्या खिडकीतला टोपीवाला.
कॉफीच्या दुकानात पाठमोरा बसून
साखर ढवळत राहिलेला म्हातारा,
चमचा डाव्या हातात.

हेल्डुर डावखुरा होता.

ती चित्र थांबवते, गुडघे धरून उठते, पडद्याजवळ जाते.
जवळ गेलं की माणूस उरत नाही,
नुसते ठिपके.

तेव्हा हिउमाचा हा किनारा बेटावरच्यांचा नव्हता.
रोज संध्याकाळी शिपाई वाळूवरून दाताळं ओढत न्यायचे.
पेरणीआधीच्या रानासारखी नीट, रेघारेघांची वाळू,
फक्त तिथं काही उगवायचं नव्हतं.
सकाळी कुत्रा घेऊन ती वाचायला यायचे.
पलीकडे, खूप पाण्यापलीकडे, स्वीडन.

हेल्डुर गेला तेव्हा वाळू कोरी निघाली.
मग गावानं दलदल पालथी घातली,
विहीर उपसली, जुना चुनखडीचा खड्डा खणला.
थांग नाही, पत्ता नाही.
गावात कोणी मरणपंथाला लागलं
की आई उशाशी जाऊन बसायची, कानात सांगायची,
तिकडे भेटला तर कळव.
आणि दारातून परत फिरून,
नाही भेटला तरी कळव.

सहाव्या भागात पोलीसबाई
हरवलेल्या पोरीच्या धाकट्या बहिणीसमोर खुर्ची ओढते.
तू तेव्हा कुठं होतीस?
हे वाइकेला अक्षरांशिवाय कळतं.

वाळूत होते.
तेरा वर्षांची, हातात जुनिपरची फांदी.
सर्चलाइट फिरून येईपर्यंत अठ्ठावीस आकडे,
मग आडवं पडायचं, नाक वाळूत.
त्याची पावलं एकेक पुसत मागं मागं सरकले,
आणि पुसलेल्यावर बोटांनी रेघा ओढल्या,
आठ बोटं, अंगठे दुमडून,
दाताळ्यासारख्या.

शिपायांना मागमूस लागू नये म्हणून.
शिपायांना लागला नाही.
आईलाही लागला नाही.

एवढंच असतं तर
आई होती तोवर तिनं सांगून टाकलं असतं.
पण वाळूतली ती पावलं पाण्याकडे गेलेली होती
एवढंच तिनं पाहिलं.
शेजारून परत आलेली एखादी ओळ होती का,
हे बघायचं राहिलं.
अंधार होता. हात भराभर चालत होते.
असली तर तीही पुसली.

पडद्यावरची बहीण खोटं बोलते.
चांगलं बोलते. वाइके मासा चघळत मान हलवते.

मग काळ्यावर पांढरी नावं वर सरकू लागतात.
ही मात्र ती वाचते, एकूण एक:
दिवे धरणारे, गाड्या हाकणारे,
चित्रीकरणाला नाव भाड्यानं देणारा कोणी.
नाव बदललं असेल.
नाव बदललं तरी, तिला वाटतं,
वाचताना कुठंतरी अडखळायला होईल.

सकाळी कुंपणावरून मिल्वी विचारते,
लागला का छडा?

अजून दोन भाग आहेत, वाइके म्हणते,
आणि दारातली वाळू झाडून काढते,
नेहमीसारखी, मागं मागं सरकत.